वन्संचं नवं पान

४ फेब्रुवारी, बुधवार

वन्संच्या कामाचं नवं पान आज आलं आणि घरातला एक आवाज बंद पडला.

सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. हे गेल्यापासून माझ्या डोक्याची चाळणी झाली आहे, काल काय केलं ते आज गळून गेलेलं असतं. या कामात तसं चालायचं नाही.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. माझ्यापेक्षा बरीच लहान. पण लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘वन्सं म्हणायचं’, ते तोंडात बसलं ते बसलंच. मी त्यांना ‘अहो वन्सं’ म्हणते आणि त्या मला ‘अगं वहिनी’. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एका मोठ्या दवाखान्याचे फोन त्या घरून घेतात. एका कानात फोन करणारा माणूस आणि दुसऱ्या कानात कॉम्प्युटर, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. माणूस सांगतो, कंबर धरली आहे, डॉक्टर कधी भेटतील. वन्सं पानावरच्या चौकटींमध्ये नाव, फोन, डॉक्टर, दिवस असं भरतात आणि ती वेळ त्याच्या नावावर लागते.

चौकटी पुष्कळ आहेत. एकीवरून दुसरीवर असं चालत गेलं तर हव्या त्या चौकटीपर्यंत पोचेतो समोरचा फोन ठेवून देतो. म्हणून यांनी बहिणीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. एक कळ दाबली की थेट ‘नाव’, दुसरी दाबली की ‘डॉक्टर’, तिसरी दाबली की सगळं जतन. हे मीटर दुरुस्तीच्या कामावर होते. कॉम्प्युटर शिकले ते केवळ वन्संसाठी. कळ लागू पडली की बारीक टिक् वाजायचं. दिवसभर ते टिक् टिक् कानावर असायचं.

नव्या पानावर ते वाजेना.

“दादाचं यंत्र मुकं झालं गं,” वन्सं म्हणाल्या.

दवाखान्याचं पत्रही आलंय. जुनं पान महिनाअखेर बंद. नवं ज्यांना जमणार नाही त्यांना दुसरं काम देण्याचा विचार करू. दुसरं काम म्हणजे तिथे जाऊन कागद लावणं. वन्सं हसल्या. “मी कागद लावले तर कानाच्या रोग्याला नाकाचं औषध मिळेल.” मग हसायच्या थांबल्या. शाळेत त्यांना खुर्च्या विणायला शिकवलं होतं. फोनचं काम त्यांनी भांडून मिळवलंय. ते गेलं तर पुन्हा मिळणं कठीण, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

“वहिनी, तूच बघ.”

“मला त्यातलं काय कळतंय? माझी शाळा सातवीत सुटली.”

“तू ती जाडजाड पुस्तकं वाचतेस, ती वाचायला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. वाचत गेले, येत गेलं.”

“मग हेही वाच की.”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

यांचा कॉम्प्युटर आज सुरू केला. इतके महिने मी त्याच्यावरची धूळ पुसत होते, एवढंच. वन्संनी सकाळीच हट्टानं माझं बसायचं बाहेरच्या खोलीत, खिडकीशी मांडायला लावलं. म्हणे आत हवा येत नाही. हवा आतही येते. पण म्हटलं असू दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे.

प्रोग्राम उघडला. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असेल. तसं नाही. दर ओळीवर यांनी आपल्या भाषेत काय आणि का ते लिहिलंय. ज्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा असतात ती यंत्र वाचत नाही, फक्त माणसानं वाचायची. एका ठिकाणी लिहिलंय : ‘धाकटी घाईत असते. कळ दोनदा दाबली तरी एकदाच धरायची.’ दुसरीकडे : ‘हे कुरूप झालंय, पण चालतंय. चालत्या गाडीला खीळ घालू नये.’

मोठ्यानं वाचलं. वन्सं पलीकडून म्हणाल्या, “अगदी दादाच बोलला.”

रडू आलं, पण ते वाईट रडू नव्हतं. मला यांचं पत्र कधी मिळालं नाही, कारण आम्ही कधी लांब राहिलोच नाही. आज हे मिळालं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कोडं उलगडतंय.

पानावरच्या प्रत्येक वस्तूला आतून एक आयडी असतो. माऊसचं उजवं बटण दाबून ‘तपासा’ म्हटलं की पानाचं पोट उघडतं आणि तो दिसतो. जुन्या पानावर आयडी साधे होते, इंग्रजी अक्षरांत पण आपलेच शब्द : नाव, डॉक्टर, जतन. यांच्या प्रोग्रामची सगळी करामत एवढीच की कळ दाबली की त्या आयडीला हाक मारायची.

नव्या पानावर ती नावंच नाहीत. चौकटीला ‘एफ-१२’, तिच्या शेजारचीला ‘एफ-१३’. शाळेत बाई नावं विसरल्यावर नंबरानं हाक मारतात तसं. म्हणजे प्रोग्राम हाका मारतो आणि त्या नावाचं कुणी घरात नाही.

नवं पान बनवणाऱ्या कंपनीनं सरावासाठी एक वेगळं पान दिलंय, हुबेहूब खऱ्यासारखं. ते यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं, एकेक नंबर पाहिला आणि जुन्या नावाच्या जागी घातला. यांच्या ओळी खोडल्या नाहीत. त्यांच्याआधी दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि खाली माझी ओळ लिहिली. यंत्रानं माझी वाचावी, माणसानं यांचीसुद्धा.

तिन्हीसांजेला पहिली चौकट लागली. टिक्!

वन्सं आतून ओरडल्या, “वाजलं!”

देवा, तुझे उपकार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज रंगीत तालीम झाली. वन्सं यांच्या कॉम्प्युटरवर सरावाच्या पानापाशी आणि मी स्वयंपाकघरातून रोगी होऊन फोनवर.

“हॅलो, माझ्या गुडघ्यात कळ येतेय हो.”

“कोणत्या गुडघ्यात, आजी?”

“दोन्ही. आणि मी आजी नाही, आजोबा आहे.”

“आवाजावरून वाटलं नाही.”

“सर्दी झालीये. तीही लिहून घ्या.”

वन्सं हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात होत्या. पण हात चालत होते. नाव, टिक्. डॉक्टर, टिक्. शेवटी जतनाची कळ. मी मुद्दाम येऊन पडद्यावर पाहिलं, वर हिरव्या अक्षरांत ‘जतन झालं’. दर वेळी. एकदाही चुकलं नाही.

हे गेल्यापासून या घरात इतकं हसणं झालं नव्हतं. हसताना मध्येच वाटलं की आपण हे काय करतोय. मग वाटलं, यांच्याच खुर्चीत बसून त्यांची बहीण हसतेय, त्यांना आवडलंच असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वन्संच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवला. त्या आज पहिल्यांदा खऱ्या फोनांना नव्या पानावर बसल्या. मी स्वयंपाकघरात होते, पण कान तिकडेच. दिवसभर टिक् टिक्. एक फोन संपला की लगेच पान कोरं, लगेच दुसरा. दुपारी म्हणाल्या, “वहिनी, लोण्यातून सुरी जावी तसं चाललंय.”

आज लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. मला झोप चांगली लागेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट झालं.

सकाळी दवाखान्यातून मुख्य बाईंचा फोन आला. वन्संनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“काल तुम्ही दिलेल्या वेळा कुठे आहेत?”

“पानावर आहेत, बाई.”

“पानावर एकही नाही. सकाळपासून माणसं येऊन उभी आहेत. एक म्हातारे गृहस्थ रक्त तपासायला उपाशीपोटी आले. लेकीनं धरून आणलंय त्यांना. त्यांचं नाव नाही, म्हणून त्यांना परत पाठवावं लागलं.”

काल तर मी दिवसभर कान देऊन होते. टिक् वाजत होतं, पान कोरं होत होतं. मग गेलं कुठे सगळं?

“चूक माझ्या हाताची आहे,” वन्सं म्हणाल्या. “दुपारपर्यंत सगळ्यांना पुन्हा वेळा देते. नवं नीट होईतो जुनं पान वापरते.”

बाई म्हणाल्या, “सव्वीस तारखेला मी स्वतः घरी येऊन बघेन. त्या दिवशी नीट झालं तर ठीक. नाही झालं तर माझाही नाइलाज होईल.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “हात तुमचा नव्हता, वन्सं. माझा होता.”

“फोनवर मी होते.”

काल ज्यांचे फोन आले होते त्यांचे नंबर फोनमध्ये होते. एकेकाला लावला. वन्संनी माफी मागितली, मी शेजारी बसून कोणाचं झालं, कोणाचं राहिलं ते पाहत होते. एकानं तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि त्याचं बरोबरच होतं. उपाशीपोटी आलेल्या गृहस्थांच्या लेकीची वन्संनी दोनदा माफी मागितली. ती बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “बाबा म्हणतात, येताना गाडीत बसायला मिळालं, सकाळची हवाही छान होती. उद्या पुन्हा येऊ. तुमच्या कामावर काही आलं नाही ना?”

परक्या माणसानं, उपाशी फिरवल्यानंतर, असं विचारावं! त्या बाईला मी ओळखत नाही. पण तिचं भलं होवो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. आणि सापडल्यावर जास्तच वाईट वाटलं.

वन्संचं पान पहिल्यांदा नीट डोळ्यांनी पाहिलं. चौकटी संपतात तिथे, बटणांच्या अगदी वर, एक पिवळी पट्टी : ‘नव्या पानाबद्दल आपलं मत कळवा’. पट्टीच्या टोकाला बंद करायची फुली. माझ्या सरावाच्या पानावर ही पट्टी नव्हती.

नव्हती कशी? होती. पहिल्याच दिवशी मी फुली दाबून घालवली होती. टेबलावरचं तूस हातानं झटकावं तशी, लक्षातही न येता. परत ती मला कधी दिसली नाही. वन्संना ती दिसतच नाही, मग त्या घालवणार कशी?

आता नंबरांचं कळलं. ते कुणी बसून दिलेले नाहीत. पान उघडताना तुकड्यातुकड्यांनी तयार होतं आणि जो तुकडा जसा येईल तसा त्याला पुढचा नंबर मिळतो. पट्टी असली की तिची फुलीही रांगेत उभी राहते आणि एक नंबर खाते. वरच्या चौकटी तशाच राहतात, पण खालची बटणं एकेक घर पुढे सरकतात. माझ्याकडे चोवीस नंबर म्हणजे जतन. वन्संकडे चोवीस नंबर म्हणजे रद्द. दोन्ही बटणांवर नुसती चित्रं, शब्द नाही, म्हणून कॉम्प्युटर दोन्हींना नुसतं ‘बटण’ म्हणतो. आणि जतन करा की रद्द करा, पान दोन्ही वेळा कोरं होतं.

म्हणजे सोमवारी वन्संनी दिवसभर मन लावून एकेका माणसाची वेळ घेतली आणि माझ्या ओळीनं ती पुसून टाकली.

मी त्यांना म्हटलं, “आता यातून माझं अंग काढते. कंपनीचा माणूस बोलवा.”

“माणूस कशाला?” वन्सं फटकन म्हणाल्या. “नको. तूच करायचं.”

इतक्या तोडून बोलल्या की मी पुन्हा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. वन्सं आहेतच मानी. कुणाचे उपकार नकोत त्यांना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दोघी मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, “मी आता असं करते. पट्टी आहे का ते आधी बघायचं. असेल तर सगळ्या बटणांच्या नंबरात एक मिळवायचा.”

“आणि उद्या दुसरी पट्टी आली तर?”

“दोन मिळवायचे.”

वन्संनी एक दाणा तोंडात टाकला. “लहानपणी मला शाळेत पावलं मोजून चालायला शिकवलं होतं. दारापासून इतकी पावलं, मग उजवीकडे इतकी. मी हुशार, सगळं पाठ. एक दिवस कुणीतरी वाटेत सायकल लावली. मी तिला वळसा घातला, मोजणी चुकली, आणि थेट न्हाव्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसले. त्यानं गळ्याभोवती कापडसुद्धा गुंडाळलं.”

“अगं बाई!”

“तेव्हापासून मोजणं सोडलं. आता विचारते. शिंप्याचं दुकान हेच का हो? तो म्हणतो, हो ताई. सायकल कुठेही असो, शिंपी शिंपीच असतो.” मग म्हणाल्या, “मोजून चालणारा खड्ड्यात जातो, वहिनी. विचारत चालणारा घरी पोचतो.”

मी शेंग हातात धरून बसले. पानाला विचारायचं, तर कुणाला विचारायचं?

२२ फेब्रुवारी, रविवार

पाटीला विचारायचं!

प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर तिचं नाव असतं : ‘रुग्णाचं नाव’, ‘डॉक्टर’, ‘दिवस’. मला वाटत होतं ते नुसतं वर चिकटवलेलं आहे. आज पानाचं पोट पुन्हा उघडून बसले तेव्हा दिसलं की या पाटीच्या खिशात तिच्या चौकटीचा आजचा नंबर असतो. दोघी एकाच वेळी तयार होतात, म्हणून नंबर बदलला तर खिशातलाही बदलतो. त्यांची कधी चुकामूक होत नाही.

म्हणून आता मी नंबर लिहीतच नाही. प्रोग्रामला सांगते : पानभर फिर, ‘डॉक्टर’ असं लिहिलेली पाटी शोध, तिला विचार आज तुझी चौकट कोणती, आणि तिथे जा. सापडली नाही तर टिक् वाजवायचं नाही, ‘सापडली नाही’ असं बोलून दाखवायचं. हे शेवटचं माझं मीच घातलं. सोमवारी टिक् खोटं वाजलं होतं. ते मला फार लागलंय.

पान दहा तऱ्हांनी उघडून पाहिलं. वन्संकडे पट्टीसकट, माझ्याकडे पट्टीशिवाय, मध्येच पान बंद करून पुन्हा. नंबर वाटेल तसे उड्या मारत होते आणि कळ आपली बरोबर ‘डॉक्टर’वर.

यांच्या ओळींखाली आज मी पहिल्यांदा माणसासाठी ओळ लिहिली : ‘इथे नंबर लिहू नये. पाटीला विचारावं. हे वन्संनी सांगितलं.’

बटणांचं मात्र अडलंय. त्यांना पाटीच नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मुख्य बाईंनी कंपनीतल्या पान बनवणाऱ्याशी बोलणं करून दिलं. फार सज्जन माणूस. प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं’नं सुरू करतो, म्हणून वन्संनी त्याचं नावच म्हणजे-कसं ठेवलंय.

“म्हणजे कसं, ते नंबर तुमच्यासाठी नाहीतच. ते पानाच्या आतल्या कामासाठी. आम्हीसुद्धा त्यांच्यावर विसंबत नाही.”

“मग मी जतनचं बटण ओळखू कशी? दोन्हींवर नुसती चित्रं आहेत.”

“चित्रांना बोलायचं नाव दिलेलं नाही?”

“नाही. तुमचं पान दोन्हींना ‘बटण’ म्हणतं.”

“अरेरे,” तो म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला. “ही आमची चूक. म्हणजे कसं, पुढच्या वेळी पान बदलू तेव्हा दोन्हींना नाव देतो. पण त्याला वेळ लागेल. तोवर एक करा. या सगळ्या चौकटींचा मिळून एक फॉर्म आहे. तो पाठवायचं काम फक्त एकच बटण करतं. ते त्याच्या आत लिहिलेलं असतं. नंबरानं नका शोधू, कामानं शोधा.”

कामानं शोधा! मी दोनदा आभार मानले.

“आभार कसले, काकू? खरं तर महिन्यापूर्वीच आम्ही तुमच्या घरच्या ताईंना म्हटलं होतं, घरी येऊन सगळं बसवून देतो. त्या म्हणाल्या, नको, आमच्या घरात माणूस आहे.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. घरात आता माणूस कुठला? बहुतेक यांच्या आठवणीत बोलून गेल्या असतील. जुनी सवय जीभ सोडत नाही, माझंही तेच होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. उगाच जखमेवरची खपली काढायची कशाला?

रात्रीच्या जेवणाआधी जतनची कळ बसवली. कामानं शोधते आणि हिरवी अक्षरं आली तरच टिक् वाजवते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मुख्य बाई आल्या. उंच, शिडशिडीत, पर्स मांडीवर धरून बसणाऱ्या. चहा नको म्हणाल्या, मग दोन कप प्यायल्या.

त्या आतल्या खोलीत बसून फोन करणार आणि वन्सं बाहेर घेणार, असं ठरलं. मी मधल्या दारात उभी. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं, म्हणून पदराचं टोक पिळत होते.

बाई आजारी माणसाचं सोंग फार वाईट करतात. कण्हतातही हुकूम सोडल्यासारखं. पण प्रश्न अवघड विचारत होत्या. दिवस सांगून मध्येच बदलायच्या, डॉक्टरांचं नाव अर्धं सांगायच्या. एकदा म्हणाल्या, “नाव माझ्या बहिणीचं लिहा, नाही, थांबा, माझंच.” वन्सं शांत. नाव, टिक्. दिवस, टिक्. पिवळी पट्टी पानावर तशीच होती, मी मुद्दाम तिला हात लावला नव्हता.

शेवटी बाई बाहेर आल्या आणि स्वतःच्या फोनवर वेळा तपासू लागल्या. एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. मग थांबल्या.

“पोटदुखीची बाई नाही यात.”

वन्सं म्हणाल्या, “त्या बाईंनी वेळ ठरायच्या आधीच फोन ठेवला.”

“मी ठेवला?”

“तुमच्या दुसऱ्या फोनची घंटा वाजली. तुम्ही म्हणालात, ‘ह्याला आत्ताच सुचलं’, आणि ठेवलात.”

बाईंना हसू फुटलं, पर्स मांडीवरून घसरली. “ते तुम्ही ऐकलंत?”

“ऐकायचंच तर काम आहे माझं.”

दारात चपला घालताना बाई मला म्हणाल्या, “सोमवारपासून या टेबलाचे फोन असेच चालू देत.” एवढंच. पुरे झालं.

दार लावून घेतलं आणि वन्संनी मला घट्ट धरलं. आम्ही एकमेकींना सहसा असं धरत नाही. यांना पोचवून आल्यावर धरलं होतं, त्यानंतर आज.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी जुनं पान बंद झालं. त्यावर फक्त आभार मानणारी एक ओळ आली. वन्संच्या कॉम्प्युटरनं ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “तुझेही आभार,” आणि खिडकी उघडायला उठल्या.

१२ मार्च, गुरुवार

दुपारी वाचनालयात गेले होते. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. वन्संनीच ढकललं. म्हणे घरात सारखी पावलं वाजतात, फोनवर ऐकू येतं. माझी पावलं कुठे वाजतात? पण गेले.

ग्रंथपाल बाईंनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, “नवी पुस्तकं त्या कोपऱ्यात ठेवलीत,” जशी मी गेल्याच आठवड्यात येऊन गेले होते. त्याबद्दल त्यांचे किती आभार मानू! खिडकीजवळच्या बाकावर बसून एक पुस्तक चाळलं, मग वाचायलाच लागले. किती वेळ गेला कळलं नाही.

मग फोन पाहिला. म्हणजे-कसंचा निरोप होता. ‘काकू, काल रात्री आम्ही सगळं पान नव्यानं मांडलं. नंबर गेले, आता आयडी म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी आहे, दर वेळी वेगळी. चौकटींचा क्रमही बदललाय. तुम्हाला आधी सांगायचं राहून गेलं, माफ करा.’

सकाळपासून! वन्सं सकाळपासून फोन घेत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे ते उपाशीपोटी आलेले गृहस्थ उभे राहिले. उठले ती निघालेच. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही, जिने तर उड्या मारतच चढले. या वयात!

दार उघडलं तर वन्सं फोनवर हसत होत्या.

“नाही हो आजोबा, दात आणि डोळा एकाच डॉक्टरांना दाखवता येत नाही. आधी काय दुखतंय ते ठरवा.”

टिक्. टिक्. मग त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज आला, मी याआधी न ऐकलेला शब्द : “जतन करा.” बटणाला नाव मिळालं होतं. टिक्.

मी जाऊन पडद्यावर पाहिलं. चौकटी सगळ्या जागा बदलून बसलेल्या. आयडी तपासले तर काहीच्या काही, वाचतासुद्धा येऊ नये असे. सकाळपासूनच्या वेळा उघडल्या. सगळ्या होत्या, एकूण एक.

“कोण आलं? वहिनी? धापा का टाकतेस?”

“पान बदललंय, वन्सं. रात्रीच. सगळं उलटंपालटं केलंय.”

“कुठलं पान?”

“तुमचं! हेच!”

त्यांनी मान तिरकी केली, आवाज कुठून येतोय ते पाहताना करतात तशी. “मला तर काही कळलं नाही,” म्हणाल्या.

मी खाली बसले. हसू की रडू ते कळेना. पुढचा फोन आला आणि वन्संनी हातानंच मला गप्प राहायची खूण केली.

बऱ्याच वेळानं पाणी प्यायला उठले तेव्हा लक्षात आलं, माझी पिशवी वाचनालयात बाकावरच राहिली, आणि ते पुस्तकही अर्धवटच. उद्या आणायला जावं लागणार. बरंच झालं.